गुन्ह्याच्या ठिकाणी सर्वप्रथम पोहोचणारे पोलीस काय करतात?

रात्री पावणेदोन वाजता कोणीतरी ११२ क्रमांकावर फोन करते. शेजारच्या घरातून किंचाळण्याचा आवाज आला, दार उघडे आहे आणि आत कोणीतरी पडले आहे, असे सांगते. नियंत्रण कक्षातून जवळच्या गाडीला निरोप जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत दोन पोलीस दारात उभे राहतात. आत काय झाले आहे, मारणारा अजून घरात आहे की पळाला, पडलेला माणूस जिवंत आहे की नाही, यातले काहीही त्यांना माहीत नसते.

पुढची सगळी यंत्रणा, म्हणजे तपास अधिकारी, ठसेतज्ज्ञ, श्वानपथक, न्यायवैद्यक पथक, डॉक्टर आणि शेवटी न्यायालय, या दोघांनी पहिल्या अर्ध्या तासात काय केले आणि काय केले नाही यावर अवलंबून असते. गुन्हा उकलणे हे त्यांचे काम नसते. जीव वाचवणे, जागा आहे तशी राखणे आणि जे बदलले त्याची खरी नोंद ठेवून ती जागा तपास अधिकाऱ्याच्या हवाली करणे, हे त्यांचे काम असते. ऐकायला साधे वाटणारे हे काम प्रत्यक्षात किती अवघड असते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिले पोलीस म्हणजे नेमके कोण?

चित्रपटांत घटनास्थळी थेट इन्स्पेक्टर येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी पोहोचतात ते गस्तीवरचे शिपाई, हवालदार, बीट मार्शल किंवा ११२ च्या गाडीवरचे कर्मचारी. ग्रामीण भागात कित्येकदा त्यांच्याही आधी गावचा पोलीस पाटील तिथे असतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावातील गुन्ह्यांची आणि संशयास्पद मृत्यूंची माहिती पोलिसांना कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून गाडी यायला तास लागणार असेल, तर तेवढा वेळ जागा राखण्याची जबाबदारी व्यवहारात त्याच्यावरच येते.

म्हणजे सगळ्यात नाजूक वेळी घटनास्थळ सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या हाती असते. म्हणूनच हे काम फक्त अधिकाऱ्यांना नव्हे, तर प्रत्येक शिपायाला नीट माहीत असणे गरजेचे ठरते.

घटनास्थळाला एवढे महत्त्व का?

फ्रान्समधील एडमंड लोकार्ड यांनी १९१० मध्ये लिऑं शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विचार आजही गुन्हेतपासाचा पाया मानला जातो. दोन गोष्टींचा एकमेकींशी स्पर्श झाला की दोन्हींचे काही ना काही अंश एकमेकींवर राहतात. गुन्हेगार येताना चपलेची माती आणतो, जाताना गालिच्याचे धागे घेऊन जातो. दाराच्या कडीवर ठसा, पेल्यावर लाळ, नखांत त्वचेचे कण राहतात.

हा नियम गुन्हेगारापुरता नाही. तो पोलिसांना, शेजाऱ्यांना आणि रडत धावत आलेल्या नातेवाइकांनाही लागू होतो. आत गेलेला प्रत्येक माणूस काहीतरी ठेवून येतो आणि काहीतरी घेऊन जातो. साक्षीदार आठवड्याने पुन्हा भेटू शकतो, पण पुसलेला ठसा पुन्हा मिळत नाही.

पोहोचण्यापूर्वीच काम सुरू होते

निरोप मिळाला त्या क्षणाची वेळ लिहून ठेवायची असते. फोन कोणी केला, त्याने नेमके काय सांगितले, आपण किती वाजता निघालो आणि किती वाजता पोहोचलो, या चार नोंदी पुढे उलटतपासणीत फार उपयोगी पडतात.

गाडीतून जातानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. समोरून भरधाव गेलेली मोटारसायकल, गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला आणि पोलिसांची गाडी पाहून वळलेला माणूस, रस्त्यात पडलेली पिशवी यांचा गुन्ह्याशी संबंध असू शकतो. शेवटचे काही मीटर गाडी थोडी अलीकडे थांबवणे शहाणपणाचे असते. अंगणात किंवा मातीच्या रस्त्यावर आधीच्या वाहनाच्या टायरचे ठसे असतील, तर आपल्याच गाडीने ते पुसले जाऊ नयेत.

‘ही जागा आपल्या हद्दीत येते का’ हा प्रश्न या वेळी गैरलागू असतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. हद्दीचा प्रश्न नंतर सुटतो. तोपर्यंत जो पहिला पोहोचला, जागा राखण्याची जबाबदारी त्याची.

पहिला प्रश्न : इथे अजून धोका आहे का?

आत पाऊल टाकण्यापूर्वी हा अंदाज घ्यावाच लागतो. हल्लेखोर आत लपलेला असू शकतो. गॅस गळत असेल, तर दिव्याचे बटण दाबणेही जीवघेणे ठरते. तुटलेली वीजवाहिनी, ढासळलेली भिंत, विषारी रसायन, पाळलेला आक्रमक कुत्रा असे काहीही असू शकते.

स्फोटाच्या ठिकाणी तर दुसऱ्या बॉम्बची शक्यता गृहीत धरूनच वागावे लागते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर साधारण आठवड्याने, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळा केलेल्या बेवारस सामानात स्फोटके असलेली पिशवी सापडली होती. स्थानकावर तोपर्यंत प्रवाशांची वर्दळ पुन्हा सुरू झालेली होती. अशा जागी एकही वस्तू न हलवता लोकांना दूर करणे आणि बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावणे हाच मार्ग असतो.

दुसरे काम : जीव वाचवणे

पुरावा कितीही मौल्यवान असला, तरी जिवापेक्षा मोठा नाही. पडलेल्या व्यक्तीचा श्वास चालू असेल, तर रक्तस्राव थांबवणे, रुग्णवाहिका बोलावणे किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात पोहोचवणे याला पहिला अग्रक्रम असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले की, जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कारांसाठी उपचार अडवून ठेवता येणार नाहीत. ‘आधी पोलीस केस करून आणा’ असे सांगणाऱ्या दवाखान्याला ही आठवण करून देण्याचे काम बरेचदा त्या हवालदारालाच करावे लागते.

जीव वाचवतानाही थोडे भान ठेवता येते. जखमी कोणत्या स्थितीत, कोणत्या जागी पडला होता ते लक्षात ठेवावे, जमल्यास उचलण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे. कपडे कापावे लागले तर भोसकल्याच्या किंवा गोळीच्या छिद्रातून न कापता बाजूने कापावेत आणि ते दवाखान्यात फेकले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. गळफास घेतलेल्या माणसात धुगधुगी असेल तर त्याला तत्काळ खाली घ्यायचे, मात्र दोर गाठीपासून दूर कापायचा, गाठ सोडायची नाही. गाठ कशी मारली आहे, यावरून मृत्यूबद्दल बरेच काही कळू शकते.

रुग्णवाहिकेतून एक कर्मचारी सोबत गेला तर उत्तम. कारण जखमी व्यक्ती वाटेत बोलू शकते.

मरणाऱ्या माणसाचे शब्द

‘मला अमुक माणसाने मारले,’ एवढे एक वाक्य पूर्ण खटल्याला दिशा देऊ शकते. मृत्यूच्या कारणाबद्दल मृत व्यक्तीने केलेले कथन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ नुसार पुरावा म्हणून ग्राह्य ठरते. शक्य असेल तेव्हा असा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवावा आणि व्यक्ती बोलण्याच्या स्थितीत असल्याचा डॉक्टरांचा शेरा घ्यावा, ही योग्य पद्धत. पण वेळ कोणासाठी थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले की, केवळ डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही म्हणून मृत्युपूर्व जबाब फेटाळता येत नाही. जबाब घेणाऱ्याची व्यक्तीच्या शुद्धीबद्दल खात्री पटलेली असणे महत्त्वाचे.

त्यामुळे तिथे हजर असलेल्या शिपायानेही ऐकलेले शब्द जसेच्या तसे, त्याच बोलीत, वेळेसह लिहून घ्यावेत. त्यांना शुद्ध मराठीत ‘सुधारू’ नये. ‘तुला अमक्यानेच मारले ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. ‘काय झाले? कोणी केले?’ एवढे पुरे.

जागा बंद करणे

जिवाची काळजी घेऊन झाली, की जागा ताब्यात घ्यायची. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे घेरा फार लहान ठेवणे. मृतदेह खोलीत असला तरी गुन्हेगार जिन्यावरून आला, गॅलरीतून पळाला, हत्यार मागच्या नाल्यात टाकले, असे घडलेले असू शकते. म्हणून सुरुवातीला घेरा मोठा ठेवायचा. नंतर तो लहान करता येतो, पण तुडवून झालेली जागा पुन्हा कोरी करता येत नाही.

घेरा शक्यतो दुहेरी असावा. आतल्या घेऱ्यात फक्त तपासाशी थेट संबंध असलेले लोक. बाहेरच्या घेऱ्यात पोलिसांची वाहने आणि इतर कर्मचारी. गर्दी त्याच्याही पलीकडे. फीत नसेल तर दोरी, बाकडी, पोलिसांची उभी केलेली मोटारसायकल, जे हाताशी असेल ते वापरायचे.

आत जाण्या-येण्याची वाट एकच ठरवायची. ती गुन्हेगाराने वापरली असण्याची शक्यता कमीत कमी असावी. आत गेलेल्या प्रत्येकाचे नाव, हुद्दा, जाण्याची व येण्याची वेळ आणि कारण यांची यादी दाराशी उभ्या कर्मचाऱ्याने ठेवायची. यात वरिष्ठ अधिकारी, लोकप्रतिनिधी, पत्रकार कोणालाही सूट नसावी. साहेबांना ‘सर, आत जायचे असेल तर नाव लिहावे लागेल’ असे म्हणणे शिपायासाठी सोपे नाही, आणि म्हणूनच वरिष्ठांनी स्वतःहून नाव लिहून पायंडा पाडावा लागतो.

आपल्याकडे पाऊस हा स्वतंत्र प्रश्न आहे. जुलैत शेतात मृतदेह सापडला, तर पायाचे ठसे आणि रक्ताचे डाग काही मिनिटांत वाहून जातात. अशा वेळी ठशांवर स्वच्छ घमेले पालथे घालणे, चार काठ्या रोवून वर ताडपत्री बांधणे हे उपाय करायला हवेत. एरवी पहिल्या पोलिसांनी पुरावे गोळा करायचे नसतात. पुरावा नष्टच होणार असेल तरच तो उचलायचा, आणि तोही मूळ जागेचे छायाचित्र घेऊन. ओले किंवा रक्ताळलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर ओलाव्याने कुजतात. ते वाळवून कागदी पिशवीत ठेवणे योग्य.

काय करू नये?

• मृतदेहावर घरातली चादर टाकू नये. चादरीचे धागे आणि केस त्यावर जातात. झाकणे अपरिहार्य असेल तर नवे, स्वच्छ कापड वापरावे.
• घटनास्थळी पाणी पिऊ नये, नळ, शौचालय किंवा टॉवेल वापरू नये. तंबाखू, गुटखा, सिगारेट तर अजिबात नको. थुंकीतही डीएनए असतो.
• पिस्तुलाच्या नळीत पेन्सिल किंवा पेन घालून ते उचलू नये. नळीच्या आतील खुणा बिघडतात.
• दिवे, पंखा, टीव्ही, खिडक्या, कड्या जशा असतील तशा राहू द्याव्यात. काही बदलावेच लागले तर आधी काय होते ते लिहावे.
• सापडलेला मोबाइल उघडून पाहू नये.
• घटनास्थळाची छायाचित्रे कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत.
• पत्रकारांसमोर ‘हा आत्महत्येचाच प्रकार दिसतो’ असे अंदाज सांगू नयेत.

अनवधानाने काही हलवले गेलेच, तर ती वस्तू ‘परत जागेवर’ ठेवू नये. पुन्हा ठेवलेली वस्तू कधीच मूळ जागी बसत नाही, आणि छायाचित्रात मात्र तीच मूळ स्थिती म्हणून नोंदली जाते. काय हलले, कोणाकडून, किती वाजता, हे सरळ सांगून टाकावे. मान्य केलेली चूक न्यायालयात समजावून सांगता येते. लपवलेली चूक उघड झाली की बाकीच्या खऱ्या पुराव्यावरही संशय येतो.

साक्षीदार आणि संशयित

जमलेल्या गर्दीतच बहुधा महत्त्वाचा साक्षीदार असतो, आणि तासाभरात तो घरी निघून जातो. म्हणून नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक लगेच घ्यायचे. प्रत्यक्ष पाहिलेल्यांना एकमेकांपासून वेगळे बसवायचे. चार जण एकत्र बोलू लागले की चौघांचे मिळून एकच ‘पाहिलेले’ तयार होते आणि प्रत्येकाला ते आपले वाटू लागते. सविस्तर जबाब तपास अधिकारी घेईल. पहिल्या पोलिसांनी ‘तुम्ही कुठे होता, काय पाहिले’ एवढेच विचारून टिपून ठेवावे.

घरच्या माणसांशी बोलताना हेही लक्षात ठेवायचे की, ते एकाच वेळी शोकग्रस्त, साक्षीदार आणि कदाचित संशयितही असू शकतात. त्यांना बाहेर आणताना आवाज चढवण्याची गरज नसते. ‘तुमच्या माणसाला न्याय मिळावा म्हणूनच खोली बंद ठेवतोय’ असे एका शांत वाक्यात सांगितले तर बहुतेक लोक ऐकतात.

संशयित तिथेच सापडला तर त्याला घटनास्थळापासून लांब ठेवावे. पुन्हा आत नेले तर त्याच्या कपड्यांवरचे रक्त आधीचे की आताचे, हा वाद कायमचा शिल्लक राहतो. त्याने पोलिसांकडे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ ते स्पष्ट सांगते. त्यामुळे मारहाण करून कबुली मिळवणे बेकायदा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही. त्याच्या अंगावरच्या जखमा, कपड्यांची अवस्था आणि पायांवरची माती टिपून ठेवणे जास्त कामाचे.

परिसरातील सीसीटीव्ही कॅमेरे कुठे आहेत, हेही पहिल्याच फेरीत पाहावे. बहुतेक यंत्रे काही दिवसांनी जुने चित्रण पुसून त्यावर नवे नोंदवतात. दुकानदाराला चित्रण जपून ठेवायला सांगणे आणि यंत्रातले घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे ते लिहून घेणे, ही दोन मिनिटांची कामे पुढे फार मोलाची ठरतात.

लैंगिक अत्याचाराच्या घटनेत घटनास्थळ वेगळे असते

इथे पीडित व्यक्तीचे शरीर आणि कपडे हेच मुख्य घटनास्थळ असते. अंघोळ करण्याआधी, कपडे धुण्याआधी वैद्यकीय तपासणी होणे हिताचे, हे समजावून सांगावे लागते, पण सक्ती करता येत नाही. तपासणीला तिची संमती आवश्यक आहे. माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत तिला तपासणीसाठी पाठवावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८४ सांगते. बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी आणि शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्यानुसार जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा. पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे गर्दीसमोर तिचे नाव पुकारणेही चूक.

हवाली करताना

तपास अधिकारी आल्यावर पहिल्या पोलिसांनी तोंडी आणि लेखी माहिती द्यायची असते. आम्ही आलो तेव्हा काय दिसले, दार उघडे होते की बंद, दिवे चालू होते का, कसला वास येत होता, आम्ही कुठून चाललो, कशाला हात लावला, आधी कोण आत होते, कोणाला दवाखान्यात नेले.

त्यानंतर दोन पंचांसमोर घटनास्थळाचा पंचनामा होतो. मृत्यू संशयास्पद असेल तर कलम १९४ नुसार मृतदेहाचा स्वतंत्र पंचनामा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने यात दोन मोठे बदल केले आहेत. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे कलम १७६ सांगते. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. याचा अर्थ पहिल्या पोलिसांचे काम कमी झाले असा नाही. तज्ज्ञ येईपर्यंत जागा राखायची जबाबदारी उलट वाढली आहे. तुडवलेल्या खोलीचे कितीही उत्तम चित्रीकरण केले तरी ते तुडवलेल्या खोलीचेच असते.

चूक झाली तर?

नोएडातील २००८ चे दुहेरी हत्याकांड हे यातले सर्वांत बोलके उदाहरण. सकाळी घरात किशोरवयीन मुलीचा मृतदेह सापडला. घरातला नोकर बेपत्ता असल्याने संशय त्याच्यावर गेला आणि त्याचा शोध सुरू झाला. गच्चीच्या दाराला कुलूप होते. ते त्या दिवशी उघडलेच गेले नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडल्यावर त्याच नोकराचा मृतदेह गच्चीवर मिळाला. दरम्यान घरातून असंख्य लोक वावरून गेले होते. मुलीच्या आई-वडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. ते दोन खून कोणी केले, याचे न्यायालयात टिकलेले उत्तर आजवर मिळालेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गुजरातमधील किशनभाई प्रकरणात तपासातील त्रुटींमुळे आरोपीला सोडावे लागल्याचे नमूद केले आणि अशा प्रत्येक निर्दोष मुक्ततेनंतर चुकीला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले. खराब झालेल्या घटनास्थळाची किंमत कधी पीडिताचे कुटुंब मोजते, कधी नाहक अडकलेला माणूस.

तुम्हीच आधी पोहोचलात तर?

पोलिसांच्याही आधी बहुधा एखादा शेजारी किंवा वाटसरू तिथे असतो. तो तुम्हीही असू शकता. अशा वेळी स्वतः सुरक्षित आहात का ते पाहा आणि ११२ ला फोन करा. जखमीला मदत करा. एरवी कशालाही हात लावू नका आणि आलात त्याच वाटेने बाहेर पडा. दारात उभे राहून इतरांना आत जाऊ देऊ नका. रक्त पुसणे, सांडलेले आवरणे, मृताचे कपडे नीट करणे हे मायेपोटी केले जाते, पण त्यात उत्तरे पुसली जातात. आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जाणूनबुजून पुरावा नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २३८ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. पोलीस आले की तुम्ही काय पाहिले आणि कशाला हात लावला, ते खरे सांगा.